केशराचें उभें पीक आणि त्याचें छायाचित्र

केशराच्या शेताचें चित्र न पाहिलेला शेतकरी आतां विरळाच. जांभळ्या फुलांचा गालिचा, पाठीमागें निळसर डोंगर आणि ओणवी होऊन फुलें खुडणारी एखादी काश्मिरी बाई, असें तें चित्र दिनदर्शिकेवर, मसाल्याच्या डबीवर आणि ज्याच्या त्याच्या मोबाइलांत असतें. चित्र सुंदर असतें, याबद्दल आमची तक्रार नाहीं. तक्रार एवढीच कीं, त्यावरून शेतकऱ्यास जें कळावयास पाहिजे तें बहुधा कांहींच कळत नाहीं. रोप केवढें, पान कसें, जमीन कोणती, वाफा किती रुंद, एका फुलांत तंतु किती, आणि फूल गेल्यावर शेतांत काय उरतें, हें सारें त्या गालिच्याखालीं झांकलेलें राहतें. या झांकलेपणाचा फायदा घेऊन आपल्याकडील कांहीं भोळ्या माणसांस कसा गंडा घातला जातो, तें पुढें सांगावयाचेंच आहे.

आमचें आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरांत गेलें. पीकपाहणी म्हणजे शेतावर जाऊन, उभें पीक डोळ्यांनीं पाहून, कोणत्या गटांत काय आहे व किती आहे तें लिहिणें, हाच धडा आम्हीं गिरविला. २०२१ सालापासून महाराष्ट्रांत ई-पीक पाहणी सुरू झाली व शेतकऱ्यानें स्वतःच मोबाइलवरून पिकाचें छायाचित्र घेऊन नोंद करावी असें ठरलें. तेव्हांपासून छायाचित्र हा शोभेचा जिन्नस न राहतां दप्तरांतला पुरावा झाला. केशराच्या चित्राकडेहि आम्ही त्याच नजरेनें पाहतों, यांत वाचकांनीं नवल मानूं नये.

श्रीनगरच्या दक्षिणेस सुमारें पंधरा किलोमीटरांवर पांपूर हें गांव आहे. याचें जुनें नांव पद्मपूर. गांवाभोवतीं सपाट माथ्याच्या उंचवट्याच्या जमिनी आहेत, त्यांस तिकडे करेवा म्हणतात. फार प्राचीन काळीं तेथें सरोवर होतें व त्याच्या तळाशीं बसलेल्या गाळाच्या ह्या जमिनी आहेत, असें भूगर्भशास्त्र सांगतें. उंची समुद्रसपाटीपासून सुमारें १,६०० मीटर. हिवाळ्यांत यांवर बर्फ पडतें, पण पाणी साचून राहत नाहीं. आणि साचलेलें पाणी हा केशराच्या कंदाचा पहिला शत्रु असल्यामुळें हें पीक येथें शतकानुशतकें टिकलें. अबुल फजल यानें ऐने-अकबरींत पांपूरच्या केशराची हकीकत दिली आहे, आणि जहांगीर बादशहानेंहि आपल्या आठवणींत ती लिहून ठेविली आहे. आम्हांस मात्र अधिक गोडी वाटली ती वॉल्टर लॉरेन्स या गृहस्थाच्या लिखाणाची. कारण तो आमच्याच पेशाचा, म्हणजे काश्मिरांतील जमाबंदीचा अधिकारी होता. त्याच्या १८९५ सालच्या पुस्तकांत अशी हकीकत आहे कीं, १८७७ सालापासून पडलेल्या मोठ्या दुष्काळांत लोकांनीं भुकेपोटीं केशराचे कंदच खाल्ले, आणि मागाहून किश्तवाडाकडून कंद आणून लागवड पुन्हा उभी करावी लागली. बेणें खाल्लें म्हणजे पीक गेलें, हें ऊंस लावणाऱ्यास निराळें सांगावयास नको.

आतां पिकाची ओळख. केशराला बी धरत नाहीं. त्याची वाढ सर्वस्वीं कंदापासून. जुलै-ऑगस्टांत कंद जमिनींत लावतात. ऑक्टोबरच्या मध्यास फुलें येऊं लागतात व नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यांत बहर संपतो. फूल थेट जमिनींतून वर येतें. खोड म्हणून कांहीं दिसत नाहीं. उंची वीतभरहि नाहीं. जांभळ्या पाकळ्या सहा, पिवळे पुंकेसर तीन, आणि एकाच दांडीस फुटलेले तांबडे तंतु तीन. हे तीन तंतु म्हणजेच केशर. एक किलो वाळलेल्या केशरास सुमारें दीड लाख फुलें लागतात, असा हिशेब सर्वत्र सांगतात. पान गवतासारखें अरुंद असून त्याच्या मधोमध पांढरी रेघ असते. एवढी मोजदाद ज्या चित्रावरून करितां येत नाहीं, तें चित्र कितीहि देखणें असलें तरी पीकपाहणीच्या कामाचें नाहीं.

चित्र घेण्याची वेळ पहांटेची. ऑक्टोबरच्या अखेरीस पांपुरास सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. त्याच्या आधींच शेतावर जाऊन उभें राहावें. कारण फुलें सकाळींच खुडतात आणि नऊ-दहा वाजेपर्यंत कित्येक वाफे रिकामे झालेले असतात. आम्ही पहिल्या दिवशीं श्रीनगरहून न्याहरी उरकून निघालेले कांहीं प्रवासी पाहिले. ते पोंचले तेव्हां शेतांत नुसती माती व तुरळक पानें होतीं, आणि फुलें टोपल्यांत होतीं. त्यांनीं टोपल्यांचींच चित्रें घेतलीं. तीं वाईट होतीं असें नव्हे, पण टोपलींतलें फूल हें उभें पीक नव्हे.

प्रकाशाचें बोलावयाचें तर सूर्य अगदीं खालीं असतां पाकळीच्या पाठीमागून येणारें कोंवळें ऊन फार उपयोगी. पाकळी पातळ असल्यामुळें तिच्या शिरा स्पष्ट उमटतात. ऊन चढलें म्हणजे पाकळीवर पांढुरका तजेला येऊन शिरा बुडतात. आभाळ भरून आलें असल्यास हिरमुसूं नये. रंगाची खरी पारख ढगाळ उजेडांतच होते. ऊन कडक असेल तर सोबत्यास छत्री धरून उभें करावें, किंवा आपल्याच अंगाची सावली फुलावर पाडावी.

रंगाची गोष्ट जरा विस्तारानें सांगितली पाहिजे, कारण येथेंच यंत्र फसवितें. केशराचा जांभळा रंग मोबाइलच्या चित्रांत बहुतेक वेळां निळ्याकडे झुकतो. उलट तांबडा तंतु इतका भडक उठतो कीं, त्याची घडण दिसत नाहींशी होऊन नुसता तांबडा डाग राहतो. उपाय सोपा आहे. पहिल्या चित्रांत फुलाशेजारीं कोऱ्या पांढऱ्या कागदाचा तुकडा धरावा; मागाहून चित्र पाहतांना कागद पांढरा दिसला तर बाकीचे रंगहि बहुतांशीं खरे आहेत असें समजावें. आणि मोबाइलाच्या पडद्यावर बोट ठेवून उजेड थोडा उतरवावा, इतका कीं तंतूचें टोंक तुतारीच्या तोंडासारखें पसरलेलें व कांठाशीं किंचित् कातरलेलें दिसूं लागेल. हें तुतारीचें तोंड ही केशराची खूण आहे, ती चित्रांतून गमावूं नये. कृष्णधवल छायाचित्रांच्या आरंभीच्या काळीं ज्या काचा वापरीत त्यांस तांबडा प्रकाश ओळखत नसे. त्यांवर हाच तंतु काळा आणि पाकळी फिक्कट पांढुरकी उमटली असती. यंत्र बदललें, फसविण्याची रीत तेवढी बदलली.

मोबाइलांत पाठीमागचा भाग आपोआप धूसर करण्याची जी सोय असते, ती या कामीं बंद ठेवावी. ती माणसाच्या चेहऱ्यासाठीं ठीक; बारीक तंतूंपुढें ती गोंधळते आणि तंतूची कड कुरतडून टाकते. वारा सुटला असल्यास एकावर विसंबूं नये, दहा-बारा चित्रें घ्यावीं. त्यांत एखादें स्थिर निघतें.

उभ्यानें घेतलेलें चित्र टाकाऊ. उभ्या माणसाच्या डोळ्यांतून केशर म्हणजे जांभळे ठिपके. फुलाची उंची वीतभरहि नसतां यंत्रहि तितक्याच उंचीवर नेलें पाहिजे. म्हणजे मांडी घालून किंवा पोटावर पडूनच हें काम होतें. आमच्या वयास तें सुखाचें नाहीं, तरी दुसरा मार्ग नाहीं. फुलाजवळ मोजपट्टी उभी करावी, ती नसल्यास रुपयाचें नाणें ठेवावें. आमच्या दप्तरांत माप नसलेल्या नकाशास कोणी विचारीत नसे, मग माप नसलेल्या चित्रास कां विचारावें? जवळच्या चित्रानंतर लगेच त्याच जागेवरून मागें सरून दुसरें चित्र घ्यावें, ज्यांत वाफा, दोन वाफ्यांमधील चर, शेजारचें शेत आणि दूरचा डोंगर यावा. या दुसऱ्या चित्रांत घर, भिंत किंवा विजेचा खांब आला तर तो वगळण्याची खटपट करूं नये. जम्मू-काश्मिरांतील केशराचें क्षेत्र १९९६-९७ च्या सुमारास ५,७०० हेक्टर होतें, तें २००९-१० पर्यंत ३,७०० हेक्टरांच्या आसपास आलें. त्यानंतर २०१० पासून सरकारनें राष्ट्रीय केशर योजना हातीं घेतली व २०२० सालीं काश्मिरी केशरास भौगोलिक मानांकनहि मिळालें. परंतु करेव्यांवर घरें चढत आहेत हें तेथें जाणाऱ्या कोणासहि दिसतें. चित्रकारानें तीं घरें कापून टाकलीं, तर पन्नास वर्षांनंतर चित्र पाहणारा म्हणेल कीं, त्या वेळीं सर्व आलबेल होतें.

शेतांत पाय कोठें ठेवावा याविषयीं एका वृद्ध शेतकऱ्यानें आम्हांस आरंभींच बजावलें. वाफ्यांत पाऊल टाकावयाचें नाहीं, चरांतूनच चालावयाचें. उमललेलें फूल दिसतें म्हणून आपण तें टाळतों. पण त्याच्या शेजारीं जो कोंब अजून मातीच्या वर डोकावतोय तो दिसत नाहीं, आणि तोच उद्यांचा माल असतो. बहराच्या दिवसांत बाहेरचे लोक झुंडीनें येतात, मुलांना वाफ्यांत बसवून चित्रें काढतात, आणि मालक बिचारा पाहुण्याची भीड धरून गप्प राहतो. आपल्या हरभऱ्याच्या घाट्यांत कोणी अशी बैठक मारली तर आपण काय म्हणूं? फुलें खुडणाऱ्या बायकांचें चित्र त्यांस किंवा घरच्या कर्त्या माणसास विचारल्यावांचून घेऊं नये. हातांचें घ्यावें, फूल कोठें धरतात व कसें खुडतात हें हातांवरूनच कळतें आणि तें शेतकऱ्यास जास्त उपयोगी.

इतकें झालें म्हणजे बहुतेक लोक यंत्र पिशवींत घालून परततात. आमच्या मतें तेव्हां कोठें काम अर्ध्यावर आलेलें असतें.

केशराचें फूल हें त्या वर्षाच्या हवापाण्याची कमाई नसून गेल्या वर्षाची शिल्लक असते. उन्हाळ्यांत कंद जमिनींत निजलेला असतां त्याच्या पोटांतच फुलाचा अंकुर तयार होतो; शरद ऋतूंत थंडी पडली व मातीस थोडी ओल मिळाली कीं तो वर येतो. फूल गेल्यावर पानें वाढतात, बर्फाखालीं तग धरतात आणि एप्रिल-मेपर्यंत हिरवीं राहून खालीं नवे कंद भरतात. जुना कंद सुकून जातो. नवा कंद सुमारें आठ ग्रॅमांच्या वर भरला तर पुढें फूल देतो, लहान राहिला तर बहुधा नुसतीं पानें. म्हणजे पिकाचें खरें पोट हिवाळ्यांत व वसंतांत भरतें, जेव्हां शेतांत पाहण्यासारखें कांहीं नाहीं म्हणून एकहि छायाचित्रकार तिकडे फिरकत नाहीं. फेब्रुवारींतल्या पानांचें चित्र, मे-जूनमध्यें उकरलेल्या कंदांचें तराजूवर ठेवून घेतलेलें चित्र, साळिंदरानें रात्रींतून उकरलेल्या वाफ्याचें चित्र, सडलेला कंद मधोमध चिरून घेतलेलें चित्र, हीं कोणी दिनदर्शिकेवर छापणार नाहीं. परंतु पिकाची हकीकत त्यांतच आहे. कित्येक शेतकऱ्यांच्या मुलांच्या हातीं आतां मोबाइल आहेत. तीं मुलें हें काम बाहेरच्या चित्रकारापेक्षां शतपट चांगलें करतील, कारण बारा महिने तीं तेथेंच असतात.

आतां आपल्या घराकडे वळूं. गेल्या कांहीं वर्षांत 'अमेरिकन केशर' या नांवानें एक बी महाराष्ट्रांत व बाहेरहि विकलें गेलें. विकणारा पांपूरच्या शेताचें जांभळें चित्र दाखवितो, केशराचा बाजारभाव सांगतो आणि बियांची पुडी हातीं ठेवतो. पुडींत बी आहे येथेंच लबाडी उघडी पडते, कारण केशराला बी नसतें हें वर सांगितलेंच. हें बी पेरल्यावर जें उगवतें तें कमरेएवढें, फांद्यांचें, कांटेरी झाड. त्याला नारिंगी फुलांचीं बोंडें लागतात. सोलापूर-मराठवाड्यांतील शेतकऱ्यानें तें पाहतांच ओळखावें, कारण तीच आपली करडई! पिढ्यान्‌पिढ्या ज्या करडईचें तेल आपण खाल्लें, तिचेंच बी केशराच्या भावाच्या आशेनें विकत घेतलें, ही थट्टा नव्हे, घडलेली गोष्ट आहे. करडईच्या वाळलेल्या पाकळ्या तांबूस-नारिंगी असतात खऱ्या. पण जवळून घेतलेल्या चित्रांत त्यांचें टोंक पांच बारीक पात्यांत चिरलेलें दिसतें, तुतारीचें तोंड तेथें नसतें. तेव्हां कोणी केशराचें बी घेऊन आल्यास त्याजजवळ एकच मागावें: ज्या रोपास हें बी लागलें त्या रोपाचें, मुळापासून शेंड्यापर्यंतचें, मापासह छायाचित्र. तो तें देणार नाहीं. आणि दिलेंच तर करडई उघडी पडेल.

दुसरी गोष्ट लबाडीची नाहीं, पण तींतहि चित्र अपुरें पडतें. अलीकडे पुण्यासारख्या शहरांतून कांहीं तरुण बंद खोलींत केशर घेतात. काश्मिरांतून कंद आणतात, ते मातीविना तबकांत मांडतात, थंडावा व दमटपणा यंत्रानें राखतात, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरांत फुलें येतात. फुलें खरीं असतात, केशरहि खरें असतें. परंतु वर सांगितल्याप्रमाणें तें फूल काश्मिरच्या मातीनें कंदांत भरून पाठविलेलें असतें. तबकांतल्या फुलाचें चित्र पाहून खोली बांधावयास व कर्ज काढावयास निघालेल्या गृहस्थानें आधीं विचारावें कीं, पहिलें फूल झाल्यावर ते कंद कोठें लावले, फेब्रुवारींत त्यांस पानें केवढीं होतीं, मे महिन्यांत उकरले तेव्हां एकेक कंद किती ग्रॅम भरला, आणि दुसऱ्या वर्षीं त्याच कंदांनीं फुलें किती दिलीं. ज्यांनीं हें साधलें असेल त्यांजजवळ अशीं चित्रें असतीलच, आणि तीं दाखविण्यास त्यांस संकोच वाटणार नाहीं. दरवर्षीं नवे कंद विकत आणावे लागत असतील, तर तो हिशेब निराळा व तो आधींच मांडलेला बरा.

आणखी एक बारीक बाब, जी आम्हांस दप्तराच्या संवयीमुळें महत्त्वाची वाटते. मोबाइलानें घेतलेल्या चित्राच्या पोटांत तारीख, वेळ व परवानगी दिली असल्यास ठिकाणहि नोंदलें जातें. तेंच चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमींच्या रीतीनें धाडलें कीं ही नोंद गळून पडते. फाइल म्हणून, म्हणजे दस्तऐवजाच्या वाटेनें धाडलें तर ती टिकते. दहा हातांतून फिरून आलेल्या चित्राला म्हणूनच ना तारीख असते ना गांव. त्यावर कोणीं कोणतेंहि नांव लिहावें. तलाठ्याच्या सहीशिवाय फिरणारा उतारा आणि असें चित्र यांत आम्हांस फरक दिसत नाहीं.

आमच्या सभासदांपैकीं ज्यांनीं घाटमाथ्यावर किंवा इतरत्र केशराचे कंद लावून पाहिले असतील, त्यांनीं फुलांचें, पानांचें व उकरलेल्या कंदांचें असें प्रत्येकीं एकेक चित्र मापासह मासिकाकडे धाडावें. सोबत लागवडीची तारीख, जमिनीचा प्रकार आणि कंद कोठून आणले एवढें लिहावें. फूल आलें नसल्यास तसें लिहावें व रिकाम्या वाफ्याचें चित्र धाडावें, तेंहि छापूं.